जीर्णोद्धार मंदिराचा आणि घराचाही

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाचे वर्ष सर्व देशभर साजरे होत असताना, 1974 साली, आपल्या या संस्थेची स्थापना झाली. पन्नास वर्षांच्या या वाटचालीत पाठशाळा, वसतिगृह, ग्रंथालय, वैद्यकीय साहाय्य अशी जी कार्ये उभी राहिली त्यांचा गौरवपूर्ण उल्लेख माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलेला आहे. त्यात मी भर घालणार नाही. आपण आज ज्या चौकात बसलो आहोत आणि ज्या भिंतींना पाठ टेकून बसलो आहोत, त्यांच्याविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

हा वाडा संस्थेला दानात मिळाला. पहिली पाठशाळा याच ओसरीवर भरली. सुवर्ण महोत्सवाचे औचित्य साधून हा वाडा उतरवावा आणि या जागी नवे बहुमजली भवन उभारावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे, हे आपण सर्व जाणता. तो मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. समाज वाढला, कार्यक्रम वाढले, जागा अपुरी पडू लागली, हे खरेच आहे. तथापि वाडा पाडण्याचा निर्णय कसा घेतला जातो आणि त्यात काय पाहायचे राहून जाते, हे मी स्वतः अनुभवलेले आहे. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता. आमचा स्वतःचा वाडा माझ्याच सल्ल्याने जमीनदोस्त झाला. त्या अनुभवाच्या आधारेच आज बोलण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या सोलापूर-धाराशिव भागातील वाड्याची रचना येथील वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. पण समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी बहुतेकांचा जन्म सदनिकेत झालेला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. घडीव दगडाचे जोते, दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आत सागवानी खांब आणि तुळया, वर किलचा आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. घर किती मोठे हे आपले पूर्वज चौरस फुटांत सांगत नसत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि वाडा इतक्या खणांचा, असे सांगत. मोठ्या दरवाजातील दिंडीतून वाकून आत यावे, ढेलजेत पादत्राणे काढावीत, मग उजेडाने भरलेला चौक लागावा. भोवताली सोपा, पलीकडे माजघर, भिंतीत बळद, जमिनीखाली धान्याचे पेव आणि एका अंगाला आड.

या आडाचेच उदाहरण घ्या. माझी आजी रोज पहाटे आडाचे पाणी दुहेरी वस्त्राने गाळीत असे. गाळणीवर राहिलेली जिवाणी ती गाळलेल्याच पाण्याने धुऊन पुन्हा त्याच आडात हलकेच सोडीत असे. वरून ओतीत नसे. ज्या पाण्यातून जीव आले त्याच पाण्यात ते परत गेले पाहिजेत, हा यत्नाचार. आता नळाचे पाणी कोणत्या जलाशयातून आले, जिवाणी कोठे सोडावी, या प्रश्नाला आपल्या सदनिकेत उत्तर नाही. आड बुजला तेव्हा पाण्याची सोय नळाने भागवली. परंतु एक आचार कायमचा थांबला.

मुनिमहाराजांच्या आहारचर्येचेही तसेच. पूर्वी वाड्याच्या दाराशी मंगलकलश घेऊन कुटुंब उभे राही, रस्त्यावरून येणाऱ्या महाराजांचे पडगाहन होई आणि चौकातून थेट स्वयंपाकघराकडे जाता येई. कूपजल घरातच होते. सूर्यप्रकाश माजघरापर्यंत पोहोचत होता. आज चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या श्रावकाची भावना कमी झालेली नाही; पण महाराज लिफ्ट वापरीत नाहीत, आणि आपले दार रस्त्यावर नाही. म्हणून चातुर्मासात चौके कोठे लागतात ते आठवा. गावात उरलेल्या चार-पाच वाड्यांत आणि या संस्थेच्या वाड्यात! ज्या वास्तूला आपण कालबाह्य म्हणतो, तिच्याच आधाराने आपला हा आचार अजून टिकून आहे.

आता आमच्या वाड्याकडे वळतो. 1993 सालच्या सप्टेंबरची अखेर. दशलक्षण पर्वाची सांगता अनंत चतुर्दशीला झाली होती. गावोगावी गणेश विसर्जन आटोपून माणसे उशिरा झोपली होती. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. ते दृश्य मी पाहिले आहे. त्यानंतर माळवदाखाली झोपण्याची भीती वाटणे स्वाभाविक होते, आणि आपल्या सर्वांच्या मनात एक समीकरण पक्के बसले की जुने घर म्हणजे मरण आणि सिमेंटचे घर म्हणजे सुरक्षितता.

आमच्या वाड्याला दोन भेगा पडल्या होत्या. थोरल्या काकांनी मला विचारले, “तू शिकलेला आहेस, तू सांगशील तसे करू.” मी अर्ध्या तासात निर्णय दिला. भेगांची खोली मोजली नाही, तुळयांची टोके उघडून पाहिली नाहीत, छतावर किती माती आहे हे पाहण्यासाठी वर चढलोदेखील नाही. 1994 च्या उन्हाळ्यात वाडा उतरवला. भिंती चार दिवसांत पडल्या. लाकडी सांगाडा मात्र सुटता सुटेना. ते काम तीन आठवडे चालले. शेवटी त्या कामावरचा म्हातारा सुतार मला म्हणाला, “साहेब, खांब अजून निरोगी आहेत.” त्या वेळी मी ते मनावर घेतले नाही. सागवान घनफुटाच्या भावाने विकले गेले. कोरीव गणेशपट्टीच्या जागी जिनप्रतिमा असलेली चौकट एका व्यापाऱ्याने नेली. माडीवरच्या पेटाऱ्यातील जुन्या चोपड्या, त्यांत पणजोबांच्या हातची काही पोथ्यांची पाने असावीत, रद्दीत गेल्या. गृहचैत्यालयातील प्रतिमा विधिपूर्वक मंदिरात नेली, एवढेच एक काम योग्य झाले.

त्यानंतर काही महिन्यांनी भूकंपग्रस्त भागातील घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामाशी माझा संबंध आला, आणि जे मला आधी ठाऊक असायला हवे होते ते तेथे शिकलो. घरे जुनी होती म्हणून पडली नव्हती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर असत. त्यांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगड पुष्कळ ठिकाणी नव्हतेच. मधली पोकळी दगडगोट्यांनी आणि मातीने भरलेली. माळवद गळू लागले की दरवर्षी वर मातीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या छताचे ओझे वाढत गेले. धक्का बसला तेव्हा भिंतीचे पदर सुटून कोसळले. अनेक घरांत लाकडी सांगाडा मात्र भिंती पडल्यावरही उभा राहिलेला दिसत होता.

म्हणूनच जी घरे दुरुस्त होण्यासारखी होती त्यांच्यासाठी सांगितलेले उपाय साधे होते. छतावरील जादा माती उतरवून थर पातळ करणे, भिंतीला ठरावीक अंतरावर छिद्रे घेऊन तिचे दोन्ही पदर सांधणे, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे आधार देणे, भिंतींना वरच्या बाजूने चहूकडून पट्टा बांधणे. यांपैकी प्रत्येक उपाय आमच्या वाड्याला लागू होता. दोन भेगांसाठी मी सगळे घर पाडले!

त्या जागी 1996 साली काँक्रीटचे घर उभे राहिले. देखरेख माझीच. वीस वर्षांत स्लॅबमधील सळया गंजून फुगल्या, पोपडे पडू लागले, पावसाळ्यात गळती सुरू झाली. काँक्रीट वाईट असते असे मी म्हणत नाही. आयुष्यभर मी त्याचेच काम केले. तात्पर्य इतकेच की निगा न राखलेली कोणतीही वास्तू टिकत नाही, आणि निगा राखलेली वास्तू, मग ती मातीची असो की दगडाची, पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

आपल्या समाजाला हे समजत नाही असे कसे म्हणावे? जीर्णोद्धार हा शब्द आपल्याइतका दुसऱ्या कोणाच्या जिभेवर नसेल. मंदिराच्या शिखराला तडा गेला तर आठ दिवसांत निधी जमा होतो. जीर्णोद्धार करणाऱ्याला नवे मंदिर बांधणाऱ्याइतकेच, किंबहुना अधिक पुण्य लाभते, असे आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. मग मंदिराच्या दाराबाहेर पाऊल पडताच हा विचार आपल्याला का सोडून जातो?

दूर पाहिले तर काही उदाहरणे डोळे उघडतात. अहमदाबादच्या जुन्या शहरातील पोळींमध्ये जैन कुटुंबांच्या कोरीव लाकडी हवेल्या आणि त्यांच्याच रांगेत बसलेली देरासरे आहेत. बाहेरून घरासारखी दिसणारी आणि आत पाऊल टाकताच मंदिर असणारी. 2017 साली युनेस्कोने त्या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हा मान मिळवणारे ते भारतातील पहिले शहर. बंगालमध्ये मुर्शिदाबादजवळ भागीरथीच्या दोन काठांवर अजीमगंज आणि जियागंज ही गावे आहेत. राजस्थानातून तेथे जाऊन स्थायिक झालेल्या ओसवाल जैनांना शहरवाली म्हणतात. त्यांच्या मोठमोठ्या कोठ्या कुटुंबे कोलकात्यास गेल्यामुळे ओस पडल्या होत्या. त्यांच्याच वंशजांनी एकत्र येऊन संस्था स्थापन केली, मंदिरांबरोबर घरांचीही काळजी घेण्यास आरंभ केला आणि दुधोरिया घराण्याची बडी कोठी दुरुस्त होऊन आज पाहुण्यांनी गजबजलेली असते. गाव सोडून गेलेली माणसेही गावातले घर वाचवू शकतात, हे पुण्या-मुंबईस आणि परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना मला आवर्जून सांगायचे आहे.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गुजरातेतील पाटण येथील एका जैन सभामंडपाचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव लाकडी घुमट 1916 पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तेथे तो सुरक्षित आहे, जगभरचे लोक तो पाहतात, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्याच्याखाली आता कोणी स्वाध्याय करीत नाही. आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाडा पाहा. 1848 साली महात्मा जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जेथे मुलींची शाळा सुरू केली, ती वास्तू. तिचे महत्त्व कोणी नाकारीत नव्हते. पण दुरुस्तीवाचून आणि वादांत वर्षांमागून वर्षे गेली, वाडा मोडकळीस आला, आणि डिसेंबर 2023 मध्ये स्मारक उभारण्यासाठी तो पाडावा लागला. स्मारक होईल, व्हावेच. तथापि ज्या भिंतींनी त्या मुलींचे पाठ ऐकले, त्या पुन्हा मिळणार नाहीत. नुसता आदर असून भागत नाही. पावसाळ्यापूर्वी कोणीतरी छतावर चढावे लागते.

येथे एक शंका मला दोन-तीन जाणकार बांधवांनी विचारली. “घराविषयी इतकी ओढ हा परिग्रहच नव्हे काय?” प्रश्न योग्य आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे परिग्रहाचे मूळ मूर्च्छेत, म्हणजे ‘हे माझे’ या आसक्तीत आहे. वाड्याची निगा राखणारा त्याला आपला मानतोच असे नाही. पुढच्या पिढीच्या स्वाधीन करण्याची वस्तू तो सांभाळत असतो. आपल्या पदाला ‘विश्वस्त’ हा जो शब्द आहे त्याचा अर्थ याहून वेगळा काय? उलट, धडधाकट घर पाडून त्याच जागी अधिक मोठे बांधण्याच्या हौसेत परिग्रह किती आणि गरज किती, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, ती कमी करता येते. नवे बांधकाम म्हणजे पुन्हा विटभट्ट्या, नदीची वाळू, खाणीचा दगड. दुरुस्तीत हा आरंभ कितीतरी कमी असतो.

वाळवीविषयीही असेच विचारले जाते. औषध फवारले तर जीवहिंसा, न फवारावे तर लाकूड जाते. अनुभवाने सांगतो, वाळवी ओलीच्या मागून येते. तुळईचे टोक भिंतीत जेथे शिरते तेथे पाणी मुरू दिले नाही, पन्हाळी मोकळ्या ठेवल्या, जोत्याला लागून माती आणि अडगळ साठू दिली नाही, तर बहुतेक वेळा औषधाचा प्रसंगच येत नाही. कोरडे घर ठेवणे हाच येथे यत्नाचार आहे.

वाडे राखणे सोपे आहे असा माझा दावा नाही. एका वाड्याला सात-आठ हिस्सेदार, त्यांतील चौघे परगावी, दर्शनी भागात जुने भाडेकरू, ज्यांच्या भाड्यात वर्षाची सारवणसुद्धा होत नाही, भावाभावांतील वाद, आणि जागेच्या वाढलेल्या किमती. ज्याला मुलीच्या शिक्षणासाठी वाटा विकावा लागतो त्याला वारशाचे प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही. काही वाडे खरोखरच धोकादायक झालेले आहेत. माणसाच्या जिवापेक्षा कोणतेही कोरीव काम मोठे नाही, आणि असे घर उतरवणेच योग्य. प्रत्येक वाडा वाचलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. न पाहता एकही पडू नये, इतकाच आग्रह आहे.

हे घरच्या वाड्यांना लागू, तसेच संस्थेच्या या वाड्यालाही. येथे तर हिस्सेदारांचा वाद नाही. दात्याने तो एका हेतूने समाजाच्या स्वाधीन केला आहे. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास किंवा दीर्घ मुदतीने दुसऱ्याच्या हाती देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, हा 1950 च्या कायद्याचा दंडक आहे. त्याच्या मागची भावनाही हीच आहे की दान दिलेली वस्तू सहज हातची जाऊ नये.

गेल्या महिन्यात विश्वस्तांच्या अनुमतीने मी हा वाडा खालून वर पाहिला. या वेळी माळवदावर चढलो. जे दिसले ते सांगतो. पूर्वेकडील भिंतीवर काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला आहे. त्यामुळे आत मुरलेली ओल बाहेर पडत नाही आणि माती भुसभुशीत होत आहे. तो गिलावा काढून चुन्याचा करावा लागेल. मागच्या बाजूला नंतर जोडलेल्या न्हाणीघराचे पाणी जोत्याशी मुरते. दोन तुळयांची टोके कुजली आहेत. भिंतीत पिंपळाचे रोप रुजले आहे. माळवदावर जागोजागी हातभर माती साचली आहे. हे सर्व दोष खरे आहेत, गंभीर आहेत आणि माझ्या समजुतीप्रमाणे दुरुस्त होण्यासारखे आहेत. परंतु एका माणसाने दिलेल्या निर्णयाचे काय होते हे मी आपल्याला सांगितलेच आहे. म्हणून माझ्याही शब्दावर जाऊ नका.

विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, कोणताही ठराव करण्यापूर्वी जुन्या वास्तूंचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडून या वाड्याची रीतसर तपासणी करून घ्यावी, आणि दुरुस्तीचा खर्च व नव्या भवनाचा खर्च असे दोन्ही आकडे सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत. सभागृहाची गरज आहेच. ते मागील मोकळ्या जागेत होऊ शकेल काय, हेही त्याच वेळी पाहावे. दुसरी, गावातील उरलेल्या वाड्यांची एक नोंदवही करावी. कोणी बांधला, किती खणांचा, गृहचैत्यालय आहे काय, आड जिवंत आहे काय, माळ्यावर पोथ्या आहेत काय, हे आपल्या युवक मंडळाने घरोघरी जाऊन लिहावे, छायाचित्रे घ्यावीत. आजी-आजोबा आहेत तोवरच हे काम होईल. तिसरी विनंती सर्वांत छोटी आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी साजरी करतो. शास्त्रे बाहेर काढतो, झटकतो, नवी वेष्टने बांधतो. आपल्या पूर्वजांनी शास्त्रांची ही निगा राखली म्हणून ताडपत्रांवरील सिद्धांत आपल्यापर्यंत पोहोचला. हा दिवस अगदी पावसाळ्याच्या तोंडावर येतो. त्या दिवशी शास्त्रांचे पूजन झाल्यावर प्रत्येक घरातील एका तरुणाने छतावर जावे, पन्हाळी साफ कराव्यात, भिंतींवरून हात फिरवून ओल पाहावी. घर वाड्याचे असो वा सदनिका, काम तेच. पोथी आणि ती ज्या घरात जपली गेली ते घर, दोहोंची निगा एकाच दिवशी होईल.

माझे थोरले काका दोन वर्षांपूर्वी गेले. वाडा पाडल्याबद्दल त्यांनी मला कधीही बोल लावला नाही. मात्र अखेरच्या आजारात ते काँक्रीटच्या खोलीत पडून काकूंना विचारीत, “चौकात ऊन आले का?” काकू “आले” म्हणत. चौक उरलेला नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकलो नाही, म्हणून आज आपल्यापुढे इतके बोललो.

हा चौक अजून आहे. पाहा, या क्षणी पूर्वेच्या ओसरीवर ऊन आलेले आहे. पाडायचे की राखायचे, हे आपण सर्वांनी मिळून, नीट पाहून, शांतपणे ठरवावे. माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मनःपूर्वक क्षमा मागतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.